हृदयाची भेदक जखम : रक्तस्राव नेमका कसा आटोक्यात आणतात?

उरोशल्य

मागे एका धाग्यावर छातीतल्या सुऱ्याच्या जखमेचा विषय निघाला होता. तिथे अनेकांनी हृदयाला भोक पडले म्हणजे सगळेच संपले असे गृहीत धरून लिहिले होते. तो समज चुकीचा आहे. रुग्णालयात जिवंत पोहोचलेल्या रुग्णांपैकी, विशेषतः सुरीसारख्या धारदार शस्त्राने जखमी झालेल्यांपैकी, बरेच जण वाचवता येतात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा हार्ट-लंग मशीनही (हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे यंत्र) लागत नाही. म्हणून स्वतंत्र धागा काढतो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करायला हवी. हृदयाच्या जखमेचा रुग्ण दोन निरनिराळ्या कारणांनी मरतो आणि दोन्हींत हाताशी असलेला वेळ सारखा नसतो. गोळीने पेरिकार्डियमला, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीला, मोठे भोक पडते. हृदयातले रक्त त्यातून थेट छातीच्या पोकळीत वाहून जाते आणि रुग्ण रक्तस्रावानेच दगावतो. सुरीने पिशवीला पडलेली चीर मात्र लहान असते, ती गुठळीने किंवा भोवतालच्या चरबीने बुजते, आणि बाहेर पडलेले रक्त हृदयाभोवतीच साठत जाते. ही पिशवी महिनोन्महिने हळूहळू ताणली गेली तर लिटरभर द्रवही सामावून घेते, पण मिनिटांच्या हिशोबात ती जवळजवळ ताणली जात नाही. त्यामुळे शंभर-दीडशे मिलिलिटर रक्त साठले तरी हृदयाला भरायला जागा उरत नाही. याला टॅम्पोनाड म्हणतात. गंमत अशी की हाच टॅम्पोनाड रुग्णाला काही काळ तारतोही, कारण बाहेरचा दाब वाढला की भोकातून वाहणारे रक्त मंदावते. सुरीचा घाव बसलेला रुग्ण बोलत बोलत रुग्णालयात येतो आणि अर्ध्या तासात कोसळतो, त्यामागे बहुधा हेच असते.

उजवे निलय (हृदयाचा खालचा कप्पा) छातीच्या हाडाच्या लगेच मागे, सर्वांत पुढे असल्यामुळे जखम सर्वाधिक वेळा त्यालाच होते. त्यानंतर डाव्या निलयाचा क्रम लागतो, मग उजव्या अलिंदाचा, म्हणजे वरच्या कप्प्याचा. डावे अलिंद मागच्या बाजूला दडलेले असल्याने सहसा सापडत नाही. डाव्या निलयाची भिंत जाड असते. तिरक्या, लहान घावाच्या कडा आकुंचनाबरोबर एकमेकींवर सरकतात आणि रक्तस्राव कधीकधी आपोआप थांबतो. अलिंदाची भिंत पातळ. तिथे दाब कमी असला तरी जखम स्वतःहून मिटण्याची आशा धरू नये.

आता मुख्य मुद्दा. माझे मत असे आहे की पहिल्या मिनिटात रक्त थांबवणे आणि जखम शिवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकच मानल्यामुळे बराच घोळ होतो. रुग्ण मरणासन्न असेल तर डाव्या बाजूला, स्तनाग्राच्या खालून, चौथ्या-पाचव्या बरगड्यांमधून छाती उघडतात. पेरिकार्डियम फ्रेनिक चेतेच्या पुढून, तिला समांतर, उभा कापतात. ही चेता पिशवीच्या बाजूवरून खाली जाते आणि ती तुटली तर पडद्याची, म्हणजे श्वासपटलाची, ती बाजू लुळी पडते. टॅम्पोनाडमध्ये पिशवी इतकी ताठ झालेली असते की चिमट्यात पकडताच येत नाही, म्हणून कात्रीच्या टोकाने किंवा पात्याने अगदी लहान छेद देऊन मग तो वाढवावा लागतो. आत सापडते ती काळपट, यकृतासारखी दिसणारी गुठळी. ती हाताने बाहेर काढली की बऱ्याचदा रक्तदाब तिथल्या तिथे वर येतो आणि त्याच क्षणी जखमेतून रक्ताची चिळकांडी उडते. इथे नवख्याचा हात सुईकडे जातो. तो जायला नको. जखमेवर बोट ठेवावे, फक्त ठेवावे. आत खुपसू नये, कारण खुपसलेले बोट भोक मोठे करते. बोटाखाली रक्त थांबले की भूलतज्ज्ञाला शिरांतून रक्त भरायला वेळ मिळतो, हृदय भरते, त्याची तडफड कमी होते. रिकाम्या, बेताल थडथडणाऱ्या हृदयावर घाईने घातलेला टाका स्नायू चिरत जातो आणि एका भोकाची दोन भोके होतात.

स्टेपलर, फोली कॅथेटर (टोकाला फुगा असलेली नळी), क्लॅम्प यांविषयी मते भिन्न आहेत. ज्यांनी ही साधने वापरली आहेत त्यांनी जरूर लिहावे.

वाचनमात्र

धागा आवडला. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, त्यामुळे शंका अगदी प्राथमिक वाटल्या तर क्षमा असावी. पिशवीत साठलेले रक्तच जर हृदयाला दाबत असेल, तर लांब सुईने ते ओढून का घेत नाहीत? छाती फाडण्यापेक्षा ते सोपे नाही का? दुसरे असे की छातीत रुतलेला सुरा काढू नये असे नेहमी सांगतात. तो हृदयातच रुतलेला असेल तर प्रत्येक ठोक्याला तो आणखी इजा करत नसेल का?

उरोशल्य

@वाचनमात्र, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

सुईने रक्त काढण्याची कल्पना एके काळी प्रतिष्ठित होती. ब्लॅलॉक आणि रॅविच या दोघांनी १९४३ मध्ये भेदक जखमेनंतरच्या टॅम्पोनाडवर हाच उपचार सुचवला होता आणि काही वर्षे तो बराच चालला. त्यातली अडचण अशी की इजेनंतरचे हे रक्त बहुतांशी गोठलेले असते. गुठळी सुईतून येत नाही. सुई कोरडी निघते आणि तपासणाऱ्याला वाटते की पिशवीत काहीच नाही. उलट सुई थोडी पुढे गेली तर निलयातलेच रक्त ओढले जाते आणि टॅम्पोनाड सुटला असा भ्रम होतो. वीस-तीस मिलिलिटर पातळ रक्त निघाले तरी रक्तदाब सुधारतो हे खरे, पण भोक तसेच राहते. म्हणून शल्यक्रियेची सोय असेल तिथे सुईपायी वेळ घालवू नये, आणि सोय नसेल तिथून रुग्ण पुढे पाठवायचा असेल तर तात्पुरता आधार म्हणून तिचा विचार करावा, अशी आजची साधारण भूमिका आहे.

रुतलेल्या सुऱ्याबद्दल: तो इजा करतो आहे हे मान्य, पण भोक त्यानेच बुजवून ठेवलेले असते. पिशवी उघडलेली आहे, जखम डोळ्यांसमोर आहे, बोट आणि टाका तयार आहे, अशा स्थितीतच तो बाहेर काढतात. रस्त्यावर किंवा रुग्णवाहिकेत तो हलू नये यासाठी भोवताली आधार द्यावा, एवढेच. सुऱ्याची मूठ नाडीबरोबर हलताना दिसते तेव्हा पाहणाऱ्यांचा धीर सुटतो आणि कोणीतरी तो उपसतो, ही नेहमीची दुर्घटना आहे.

भूलशास्त्री

मूळ लेखात भूलतज्ज्ञाचा उल्लेख रक्त भरणारा एवढाच आला आहे, म्हणून थोडी भर घालतो.

टॅम्पोनाडचा रुग्ण शस्त्रक्रियागृहात येतो तेव्हा तो स्वतःच्या अॅड्रेनालिनवर तगून असतो. शिरा आवळलेल्या, ठोके जलद, श्वास उथळ. अशा रुग्णाला नेहमीच्या मात्रेत भुलीचे औषध दिले की आवळलेल्या शिरा सैल पडतात. नळी घालून यंत्राने हवा ढकलायला लागले की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते. या दोन्हींचा परिणाम एकदम झाला तर नाडी जाते. म्हणून आमच्याकडचा पाठ असा: रुग्ण जागा असतानाच छाती-पोट जंतुनाशकाने पुसून घ्यायचे, निर्जंतुक कापड अंथरायचे, शल्यविशारदाने हातात पाते घेऊन उभे राहायचे, आणि मगच भूल द्यायची. औषध केटामाइनसारखे, मात्रा कमी, आणि यंत्राचा दाबही शक्य तितका कमी. हा क्रम न पाळल्यामुळे टेबलावर नाडी गेलेली मी पाहिली आहे. पाच मिनिटांपूर्वी तोच रुग्ण स्वतःचे नाव सांगत होता.

सलाईनबाबत एक गुंता आहे. भेदक इजेत रक्तस्राव थांबण्यापूर्वी भरमसाट सलाईन देऊ नये हे आता सर्वमान्य झाले आहे. त्याचा पाया ह्यूस्टनमधल्या १९९४ सालच्या अभ्यासात आहे. धडाला भेदक जखम झालेल्या ५९८ रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेपर्यंत सलाईन दिले नाही त्यांतले ७० टक्के जगले, आणि ज्यांना लगेच दिले त्यांतले ६२ टक्के. पण शुद्ध टॅम्पोनाडमध्ये हृदयाला भरण्यासाठी शिरांतला दाब वाढलेलाच हवा असतो, आणि तिथे थोडेसे द्रव काही मिनिटे विकत घेऊन देते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. माझा व्यवहार असा की टॅम्पोनाड दिसत असेल तर थोडे थोडे द्रव, तेही शक्यतो रक्तच, आणि ते छाती उघडेपर्यंतच. बोट जखमेवर बसले, की मग लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट जवळपास समप्रमाणात, गरम करून, वेगाने. ट्रानेक्झामिक अॅसिडचा (रक्तस्राव कमी करणारे औषध) पहिला ग्रॅम इजेपासून तीन तासांच्या आत जायला हवा. शिवाय एक सुई मानेच्या किंवा हाताच्या शिरेत असू द्यावी; सगळ्या सुया पायात असतील आणि पोटातली महाशीरही फुटलेली असेल तर भरलेले रक्त हृदयापर्यंत पोहोचतच नाही.

टाकेवाला

उरोशल्य यांच्या बोटाच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. साधनांबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो.

अलिंदाची जखम असेल तर सॅटिन्स्की क्लॅम्पइतके चांगले काही नाही. त्याचा वाकडा जबडा जखमेच्या कडा एकत्र उचलून धरतो आणि हृदय चालू ठेवूनच खाली सावकाश शिवता येते. निलयाला मात्र क्लॅम्प लावू नये; स्नायू चिरडतो.

निलयाच्या सरळ, धारदार घावाला त्वचेसाठीचा साधा स्टेपलर फार उपयोगी पडतो. जखमेच्या कडा बोटांनी जवळ आणायच्या आणि रुंद पिना काही मिलिमीटर अंतराने मारत जायचे. काही सेकंदांत रक्त थांबते. मोठा फायदा असा की आपत्कालीन कक्षातल्या धावपळीत, धडधडत्या हृदयावर, रक्ताच्या थारोळ्यात उघडी सुई फिरवावी लागत नाही, त्यामुळे स्वतःच्या बोटात ती घुसण्याचा धोका टळतो. अशा रुग्णाच्या रक्तातले संसर्ग आपल्याला माहीत नसतात, हे विसरू नये. गोळीच्या फाटक्या, ऊतक गमावलेल्या जखमेत मात्र पिना धरत नाहीत, आणि कॉरोनरी धमनीच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या, अगदी लगत तर स्टेपलर नेऊच नये.

फोली कॅथेटरविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. पुस्तकात दिसते तितके ते सरळ नाही. फुगा जखमेतून आत घालून सलाईनने फुगवायचा आणि हलके ओढून धरायचे, एवढी कृती. पण लोक हलके ओढत नाहीत. हृदय दर ठोक्याला पुढे येते, हात मागे ओढतो, आणि दोन सेंटिमीटरचे भोक बघता बघता चार सेंटिमीटरचे होते. फुगा जास्त फुगवला तर उजव्या निलयासारख्या लहान, रिकाम्या कप्प्यात तो रक्ताची वाटच अडवतो. नळीचे तोंड चिमट्याने बंद करायला विसरले तर त्यातूनच रक्त वाहते किंवा अलिंदात हवा ओढली जाते. आणि शिवताना सुई फुग्यात घुसली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

रात्रपाळी

टाकेवाला यांच्याशी आदरपूर्वक असहमती नोंदवतो. मी हृदयशल्यविशारद नाही, सामान्य शल्यविशारद आहे, आणि असे रुग्ण बहुतेक वेळा माझ्यासारख्यांच्याच वाट्याला येतात. रात्री दोन वाजता हृदयशल्यविशारद दारात उभा नसतो. बोट हे सर्वोत्तम साधन आहे याबद्दल वाद नाही, पण बोट माझे असेल तर माझा एक हात अडकतो. मदतनीस अननुभवी असेल तर त्याचे बोट तिसऱ्या मिनिटाला घसरते. जखम बोटाच्या टोकापेक्षा मोठी आहे, स्टेपलर धरत नाही, अशा ठिकाणी फोलीने मला दोन्ही हात मोकळे करून दिले आहेत.

आपण सांगितलेले सगळे धोके खरे आहेत, पण ते टाळता येतात. फुगा आधी फुगवून तपासावा. आत घातल्यावर रक्त थांबेल इतपतच, हळूहळू फुगवावा. ओढ अशी हवी की फुगा भिंतीला टेकेल, भिंत बाहेर ओढली जाणार नाही. हृदय जिथे जाईल तिथे हातही गेला पाहिजे. शिवण्याच्या वेळी प्रत्येक टाक्याला सुई भिंतीतून जात असताना नळी थोडी आत ढकलायची, म्हणजे फुगा सुईच्या वाटेतून बाजूला होतो. तेवढा वेळ रक्त येते, ते येऊ द्यावे. आणि गरज पडली तर त्याच नळीतून थेट हृदयात रक्तही भरता येते, हा फायदा आपण लिहिलेला नाही.

टाकेवाला

@रात्रपाळी, 'हृदय जिथे जाईल तिथे हातही गेला पाहिजे' हे वाक्य लिहून ठेवतो. आपल्यात मतभेद साधनाबद्दल कमी आणि ते कोणाच्या हातात आहे याबद्दल जास्त दिसतो. बोटाने झाकली जाणारी जखम असेल तर फोली नको, एवढ्यावर तरी आपण सहमत व्हायला हरकत नसावी.

रात्रपाळी

एवढ्यावर नक्कीच.

चिकित्सक वाचक

शिवण्याबद्दल कोणी सविस्तर लिहील का? विशेषतः कॉरोनरी धमनीच्या शेजारच्या जखमेबद्दल. टाका धमनीवरून गेला तर हृदयविकाराचा झटका येणार, आणि टाका घातला नाही तर रक्तस्राव; मग मार्ग कोणता?

उरोशल्य

निलयाला साधारणपणे ३-० किंवा ४-० पॉलिप्रॉपिलीनचा दोरा वापरतात. टाका आडवा मॅट्रेस पद्धतीचा आणि दोन्ही बाजूंना टेफ्लॉनच्या छोट्या गाद्या. हृदयाचा स्नायू मऊ असतो. नुसता दोरा आवळला तर तो तार लोण्यातून जावी तसा स्नायू कापत जातो, आणि गादीमुळे ताण पसरतो. टेफ्लॉन हाताशी नसेल तर रुग्णाच्या पेरिकार्डियमचाच तुकडा कापून त्याची गादी करता येते. गाठ मारताना जोर लावायचा नसतो. कडा एकमेकींना टेकल्या आणि रक्त थांबले की पुरे. उजव्या निलयाची भिंत पातळ असल्याने तिथे ही शिस्त अधिकच पाळावी लागते. अलिंदासाठी साधी सलग शिवण किंवा बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका चालतो.

धमनीशेजारच्या जखमेत सुई धमनीच्या एका बाजूने आत जाते, तिच्या खालून स्नायूतून सरकते आणि दुसऱ्या बाजूने वर येते. म्हणजे दोरा धमनीच्या खाली राहतो आणि जखम मिटली तरी धमनी आवळली जात नाही. गाठ मारल्यावर हृदयाच्या त्या भागाकडे आणि ईसीजीकडे पाहावे. स्नायू फिका पडून नीट आकुंचन पावत नसेल तर टाका काढून पुन्हा घालावा. धमनीच कापली गेली असेल तर ती कुठे कापली आहे यावर सारे अवलंबून असते. टोकाकडची बारीक फांदी बांधून टाकता येते आणि रुग्ण ते सहन करतो. मुळाजवळची मुख्य धमनी बांधली तर डावे निलय बंद पडते. तिथे बायपासचीच गरज लागते आणि हार्ट-लंग मशीनचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथेच येतो.

टाका घालताना हृदय स्थिर नसते, याविषयीही थोडे लिहितो. बोट जखमेवर ठेवून त्याच्या खालून सुई नेणे आणि बोट टाक्याटाक्याला मागे सरकवणे ही जुनीच रीत आहे. जखम मोठी असेल तर वरची आणि खालची महाशीर बोटांत किंवा क्लॅम्पमध्ये धरून हृदयात येणारे रक्त क्षणभर अडवतात. हृदय रिकामे आणि मऊ होते, पण ही मुभा एक-दोन मिनिटांपलीकडे नसते. अॅडेनोसिनची सहा ते बारा मिलिग्रॅम मात्रा शिरेतून दिली तर हृदय काही सेकंद थांबते आणि आपोआप पुन्हा सुरू होते. तेवढ्यात एखादा अवघड टाका बसतो. ज्याचे हृदय आधीच मरणपंथाला लागले आहे, त्याच्यात हा प्रयोग करण्याचे धाडस मी करणार नाही.

मागच्या बाजूची जखम सर्वांत वाईट. ती पाहण्यासाठी हृदय उचलावे लागते, आणि उचलले की महाशिरा मुडपतात, रक्त येणे बंद होते, ठोके बिघडतात. म्हणून एकदम उचलू नये. मागे ओल्या कापडाच्या घड्या एकामागून एक सरकवून ते हळूहळू वर आणावे, प्रत्येक टप्प्यावर रक्तदाब पाहावा, घसरला तर परत खाली ठेवून हृदयाला सावरू द्यावे. पुढची जखम सापडली म्हणून मागची पाहायची राहून जाणे ही गोळीच्या जखमेतली हमखास होणारी चूक आहे.

इतिहासप्रेमी

चर्चा वाचताना एक भर घालावीशी वाटली. हृदयावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १८९३ मध्ये शिकागोला डॅनिएल हेल विल्यम्स यांनी केली आणि तीही सुऱ्याच्या जखमेवरच. त्या काळी क्ष-किरणांचाही शोध लागलेला नव्हता.

चिकित्सक वाचक

@इतिहासप्रेमी, विल्यम्स यांचे श्रेय मोठेच आहे, परंतु त्यांनी शिवले ते पेरिकार्डियम. हृदयाच्या स्नायूवरची जखम लहान होती, तिच्यातून रक्त येत नव्हते, म्हणून ती त्यांनी तशीच ठेवली. रुग्ण वाचला.

प्रत्यक्ष स्नायूला टाके घालण्याचा प्रयत्न १८९५ च्या सप्टेंबरात आजच्या ऑस्लोमध्ये आक्सेल कापेलेन यांनी केला. त्यांनी डाव्या निलयाची जखम शिवली, कॉरोनरीची एक फांदीही बांधली, पण रुग्ण काही दिवसांनी दगावला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये रोममध्ये फारिना यांचाही रुग्ण गेला. यश आले ते ९ सप्टेंबर १८९६ रोजी फ्रँकफुर्टला, लुडविग रेन यांच्या हातून. बावीस वर्षांच्या माळ्याच्या उजव्या निलयाला दीड सेंटिमीटरची जखम होती, सुरा लागून दोन दिवस उलटले होते. रेन यांनी बोटाने रक्त थांबवले आणि रेशमाचे तीन टाके, हृदय प्रसरण पावत असताना एकेक करून, घातले. प्रत्येक टाक्याबरोबर रक्तस्राव घटत गेल्याचे त्यांनी नोंदवले आहे. बोट आधी आणि टाका नंतर हा या धाग्याचा गाभा तेव्हाही हाच होता! गंमत म्हणजे त्याच वर्षी स्टीफन पॅजेट यांनी छातीच्या शल्यक्रियेवरील पुस्तकात, हृदयाच्या शल्यक्रियेने निसर्गाने घालून दिलेली सीमा बहुधा गाठली आहे, असे लिहिले होते.

रेन यांनी १९०७ पर्यंतच्या १२४ रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या, त्यांतले सुमारे ४० टक्के वाचले होते. अमेरिकेतले पहिले यश १९०२ चे, अलाबामातल्या माँटगोमेरीचे. ल्यूथर हिल यांनी तेरा वर्षांच्या मुलाला घरातल्याच टेबलावर, रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात शिवले.

इतिहासप्रेमी

दुरुस्तीबद्दल आभार. पेरिकार्डियम आणि स्नायू हा भेद लक्षात आला नव्हता.

वाचनमात्र

मग आता प्रमाण किती आहे? आणि छाती आपत्कालीन कक्षातच उघडायची की शस्त्रक्रियागृहापर्यंत न्यायचे, हे कसे ठरवतात?

रात्रपाळी

नाडी लागते आहे, रक्तदाब मोजता येतो आहे, तर शस्त्रक्रियागृह. नाडी नुकतीच गेली आहे किंवा डोळ्यांदेखत जाते आहे, तर जिथे असाल तिथे. मधल्या रुग्णांबद्दल वाद असतात. भेदक इजेत छातीवर दाब देणे सुरू होऊन पंधरा मिनिटांच्या पुढे गेले असेल आणि जीवनाचे एकही लक्षण नसेल, तर छाती उघडू नये असे बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आकड्यांचे सांगायचे तर २००० साली प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस वर्षांतल्या ४,६२० आपत्कालीन थोरॅकोटॉमींच्या (छाती उघडण्याच्या शस्त्रक्रियांच्या) आढाव्यात एकूण ७.४ टक्के रुग्ण वाचले होते. पण सरासरी फसवी आहे. सुऱ्याच्या जखमेत १६.८ टक्के, गोळीच्या जखमेत ४.३ टक्के, आणि इजा हृदयालाच असेल तर १९.४ टक्के. म्हणजे ज्या जखमेची सगळ्यात भीती वाटते तिच्यातच या शस्त्रक्रियेचा सर्वाधिक उपयोग आहे, कारण तिथे दुरुस्त करण्यासारखे एकच भोक आणि सोडवण्यासारखा एकच दाब असतो. लंडनच्या हवाई वैद्यकीय पथकाने तर रस्त्यावरच छाती उघडली. २०११ मध्ये त्यांनी ७१ रुग्णांची माहिती दिली, त्यांत १३ वाचले आणि त्यांपैकी ११ जणांचा मेंदू चांगला शाबूत राहिला. ते छाती दोन्ही बाजूंनी शिंपल्यासारखी उघडतात. डाव्या बाजूच्या छेदापेक्षा त्यात उजवी बाजू आणि हृदय दोन्ही नीट दिसतात. मात्र मधला हाडाचा पूल कापताना त्याच्या दोन्ही कडांच्या धमन्या तुटतात. रक्तदाब शून्य असताना त्यांतून थेंबही येत नाही आणि हृदय चालू झाले की त्या जोमाने वाहू लागतात, म्हणून आठवणीने बांधाव्यात.

भूलशास्त्री

महाधमनी क्लॅम्प करण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून एवढेच: हृदय बंद असताना छातीतली उतरती महाधमनी दाबून धरली की उरलेले रक्त मेंदूला आणि हृदयाला मिळते. पण हृदय चालू झाल्यावर तोच क्लॅम्प डाव्या निलयावर ताण आणतो आणि ताज्या टाक्यांवरही. म्हणून लवकर, पण हळूहळू सोडवावा, आणि सोडवण्यापूर्वी मला सांगावे. उघड्या हृदयाला विजेचा झटका द्यायचा झाल्यास दहा-वीस ज्यूल पुरतात. बाहेरून देतात तेवढे आकडे लावू नयेत.

चिकित्सक वाचक

आणि ज्याचा रक्तदाब उत्तम आहे, पण सोनोग्राफीत पिशवीत थोडे रक्त दिसते आहे, अशा रुग्णाचे काय? त्याचीही स्टर्नोटॉमी, म्हणजे उरोस्थी (छातीचे मधले हाड) चिरून छाती उघडणे?

उरोशल्य

हा या विषयातला सर्वांत रोचक बदल आहे. पूर्वीचे उत्तर होते: हो, प्रत्येकाची. केप टाऊनमध्ये सुऱ्याच्या जखमा मोठ्या संख्येने येतात. तिथल्या शल्यविशारदांच्या लक्षात आले की अशा स्थिर रुग्णांची उरोस्थी चिरून पाहिल्यावर बहुतेकांच्या हृदयावरची जखम आधीच मिटलेली असते. मग त्यांनी १११ स्थिर रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. उरोस्थीखालून छोटी खिडकी पाडून रक्त काढल्यावर ज्यांना ताजा रक्तस्राव नव्हता, त्यांतल्या अर्ध्यांची स्टर्नोटॉमी केली आणि उरलेल्यांना फक्त निचऱ्याची नळी ठेवली. २०१४ मध्ये हे निष्कर्ष आले. स्टर्नोटॉमी झालेल्या ५५ पैकी ५१ जणांच्या हृदयाला एकतर जखम नव्हती किंवा वरवरची, कप्प्यापर्यंत न पोहोचलेली होती. म्हणजे उरोस्थी उघडून त्यांना काहीही मिळाले नाही. म्हणून स्थिर रुग्णात आधी खिडकी, पिशवी धुऊन पाहणे, आणि लाल रक्त येतच राहिले तरच पुढे जाणे, हे आता मान्य होत आहे. अट एकच: खिडकी पाडणारा तिथल्या तिथे उरोस्थी उघडू शकणारा हवा.

सोनोग्राफीबद्दल एक सावधगिरी. पिशवीची चीर डाव्या छातीत उघडत असेल तर हृदयातले रक्त तिकडे वाहून जाते आणि पिशवी रिकामी दिसते. डाव्या छातीत रक्त आहे, घाव दोन्ही स्तनाग्रांच्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि सोनोग्राफी 'स्वच्छ' आहे, अशा रुग्णाला निर्धास्तपणे वॉर्डात पाठवू नये. फुगलेल्या मानेच्या शिरा, घटलेला रक्तदाब आणि अस्पष्ट ठोके या बेकच्या तीन लक्षणांवरही विसंबू नये. ती तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. रक्त खूप गेले असेल तर मानेच्या शिरा फुगणार तरी कशाने?

वाचनमात्र

शेवटचा प्रश्न. टाके बसले, रक्त थांबले, रुग्ण शुद्धीवर आला, की झाले का सगळे?

टाकेवाला

नाही. बाहेरची जखम शिवली तरी सुरा किती खोल गेला होता हे तेव्हा कळत नाही. दोन निलयांमधल्या पडद्याला भोक पडलेले असू शकते, एखादी झडप किंवा तिची दोरी तुटलेली असू शकते. धावपळीत ते शोधायचे नसते. जीव वाचवण्यासाठी जे करायचे तेवढेच करून थांबायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि नवा, खरखरीत मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आला, तर पडद्याचे भोक आठवावे. मर्मर नसला तरी घरी सोडण्यापूर्वी आणि नंतर काही आठवड्यांनी इकोकार्डिओग्राफी करावी, कारण काही भोके सूज उतरल्यावरच उघडी पडतात. लहान भोके नुसती पाहत राहिली तरी चालतात. मोठी असतील तर रुग्ण सावरल्यावर, सवडीने, हार्ट-लंग मशीनवर बंद करतात. काही आठवड्यांनी ताप आणि छातीत दुखणे घेऊन परत आलेल्या रुग्णाच्या पिशवीत पुन्हा पाणी साठलेले असू शकते, तेही त्याच तपासणीत दिसते.